सासऱ्यांचं मत

लातूरमध्ये टीव्ही बघणारी माणसं घरोघरी असतील, पण टीव्हीशी रोज संध्याकाळी भांडणारा माणूस एकच, आणि ते माझे सासरे. चाकूरच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मालिका, सिनेमे आणि गाण्याच्या स्पर्धा हेच त्यांचं कामकाज. नटानं कितव्या वर्षापर्यंत नायक व्हावं इथपासून मुलींनी कधी लग्न करावं इथपर्यंत, त्यांचं मत नाही असा विषय नाही. मालिकेतल्या घरातलं कुणीच कामाला जात नाही, तरी रोज नवी साडी येते कुठून, हे विचारायला ते आम्हाला नांदेडला फोन करतात, तोही नेमका जेवणाच्या वेळी. एकदा सिनेमात नायकानं गावभरचे गुंड लोळवले आणि त्याच्या शर्टाची इस्त्री मोडली नाही, तेव्हा ते चिडून थिएटरबाहेर गेले होते. मध्यंतरानंतर परत आले, कारण नायिका त्यांची लाडकी होती. पुढे त्या नायिकेनं लग्न करून काम सोडलं, तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. "लगीन झालं म्हणून बाईनं आपली कला का सोडावी, जावईबापू?" असं त्यांनी मला कळवळून विचारलं, आणि त्याच दमात सासूबाईंना चहा टाकायला सांगितला.

गाण्याच्या स्पर्धेत तर ते परीक्षकांचेही परीक्षक. मराठवाड्यातली पोरगी बाहेर पडली की तिच्या बोलीमुळे पाडलं, असं त्यांचं ठाम मत. मात्र शब्द विसरणाऱ्याला त्यांच्या दरबारात माफी नाही. त्यानं मुकाट्यानं खाली उतरावं आणि दुसऱ्याला जागा द्यावी, हा त्यांचा कायदा.

गेल्या गणपतीत कॉलनीच्या मंडळानं बायकांसाठी गाण्याची स्पर्धा ठेवली आणि सासूबाईंनी कुणाला न विचारता नाव दिलं. आम्हाला हे कळलं ते सासऱ्यांच्या घाबऱ्या फोनवरून. ही कधी गुणगुणलेलीही आपण ऐकली नाही, लोक हसतील, असं त्यांचं म्हणणं. पण बाईच्या कलेवर एवढं बोलून बसल्यावर नको म्हणायची सोय राहिली नव्हती. मग त्यांनी श्वास कुठे घ्यायचा, हात कुठे ठेवायचे, हे शिकवायला सुरुवात केली. सासूबाई कोथिंबीर निवडत नुसतं "बरं" म्हणत.

स्पर्धेला आम्ही गेलो. सासरे मागच्या रांगेत, रुमालानं तोंड पुसत बसले. सासूबाईंनी आपल्या आईची एक अंगाई धरली. आवाज जरा कापरा, पण इतका ओला की पुढची पोरंसोरं गप्प झाली. आणि दुसऱ्या कडव्याला त्या अडल्या. शब्दच आठवेनात. मंडपात कुणीतरी खुसखुसलं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासरे उभे राहिले होते.

"घाई न्हाई," ते म्हणाले. "सावकाश म्हण. आम्ही हाव हितं."

सासूबाईंनी पदर सारखा केला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि अंगाई पूर्ण म्हटली. नंबर काही आला नाही. मी परीक्षकांच्या उद्धाराची वाट बघत होतो. पण घरी चपला काढताना सासऱ्यांनी सासूबाईंना एवढंच विचारलं, "तू आधीपासून गायचीस?"

"रोजच की," सासूबाई म्हणाल्या. "सैपाकघरात. तुमच्या टीव्हीच्या आवाजात कुठून ऐकू येणार?"

परवा लातूरला गेलो होतो. सासरे नव्या मालिकेतल्या सासूला फैलावर घेत होते. मधेच थांबले, टीव्हीचा आवाज बारीक केला आणि स्वयंपाकघराकडे कान लावून बसले. आत नळाचं पाणी वाहत होतं, भांडी लागत होती. बाकी काही नाही.

"काही दिवशी म्हणती," ते मला हळूच म्हणाले. "काही दिवशी न्हाई."

आवाज मात्र त्यांनी परत वाढवला नाही.