तीन विद्यापीठं आणि एक पाळणा

आधी चहा हातात घ्या, आणि एक कबूल करा, की मध्येच हसायचं नाही. घोळ माझा आहे, तेव्हा कुठं हसायचं तेही मीच सांगणार! आमच्या बऱ्हाणपूरच्या लालबागेत हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, पण जो तो त्यात आपल्या पदरचं घालतो. अस्सल माल माझ्याकडेच.

राज्यांची नवी वाटणी चालली होती ना, तेव्हाची गोष्ट. रोज वेगळी बातमी. शेवटी ठरलं की आपलं बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात. आणि ह्यांच्या सरकारी कचेरीत कागद फिरला: ज्याला इथं राहायचं त्यानं तसं लिहून द्यावं, ज्याला मुंबई राज्यात जायचं त्यानं तसं. मुदत आठ दिवस.

हे कागद घेऊन घरी आले आणि मला म्हणाले, "तू काय म्हणतेस?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. असं पहिल्यांदाच विचारलं त्यांनी. मग मी काय विचार करत बसते? ताडकन सांगितलं, "जिकडे विद्यापीठ चांगलं, तिकडे."

"कुणासाठी?"

"आपल्या सुमीसाठी!"

ह्यांनी पाळण्याकडे बघितलं. सुमी पायाचा अंगठा चोखत होती. चौदा महिन्यांची.

"अगं, तिला चार दात आलेत फक्त."

"विद्यापीठात काय दातांनी शिकतात?"

तुम्हाला हसू येतंय. कबूल काय केलं होतं? पण माझ्या जागी येऊन बघा जरा. मी सातवी पास झाले तेव्हा पुढची शाळा तीन कोस लांब होती. मी हुशार होते, वडलांची ना नव्हती, पण शाळा लांब! बस, तेवढ्यावर माझं शिक्षण संपलं. सुमी झाल्यापासून मला एकच धाक, की हिचंही असं नुसत्या जागेवरून अडायचं. आता सरकारच विचारतंय की कुठं राहता, तर नीट बघूनच सांगायला नको?

चौकशीत कळलं की आम्हाला जवळची विद्यापीठं तीन. एक खंडव्यावरून पुढे जायचं, म्हणजे इथं राहिलो तर ते. दुसरं भुसावळला गाडी बदलून नागपूरच्या लायनीवर, तिसरं भुसावळवरून मुंबईच्या लायनीवर. मी त्यांना खंडव्याचं, नागपूर लायनीचं आणि मुंबई लायनीचं अशीच नावं ठेवली. आता तिघांत सरस कोण? इमारत बघून मला काय कळणार?

इथं कामी आले आमचे मामाजी. माझे सासरे हो. ते जिनात कापूस पारखायला बसतात. गाडीभर कापूस आला म्हणून कुणी सगळा उपसत नाही. दोन-चार ठिकाणहून चिमूटभर काढायचा, बोटांनी ओढून तंतू बघायचा, की गाडीचा भाव कळला. मी म्हटलं, विद्यापीठाचंही तेच! तिथून शिकून बाहेर पडलेला मुलगा धरायचा आणि ओढून बघायचा.

ह्यांच्याकडून तीन घरांचे पत्ते काढले, प्रत्येक विद्यापीठाचा एकेक पदवीधर. तीन जोडकार्डं आणली. अर्ध्यावर आपण विचारायचं, अर्ध्यावर त्यांनी उत्तर लिहून परत टाकायचं. आणि बारीक अक्षरात लिहिलं:

"आपले चिरंजीव कोणत्या विद्यापीठाचे? कोणत्या वर्गात पास झाले, आणि कितव्या खेपेस? तिथं त्यांनी काही नवीन संशोधन केले काय? सध्या काय करतात, नोकरी पक्की की कच्ची? चष्मा आहे काय? पोटाची तक्रार? वडीलधाऱ्यांशी वागणूक नम्र राहिली की शिकून शिंगे फुटली? आमच्या एकुलत्या एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. हातात आठच दिवस आहेत. त्वरित कळवावे. सौ. सिंधू."

आता तुम्ही असे गालात हसताय, तुम्हाला कळलं. मला तेव्हा नव्हतं कळलं! मी तर कार्ड तीनदा वाचून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले. चष्मा विचारला, पोट विचारलं, काही म्हणून सोडलं नाही.

कार्ड म्हणजे उघडंच. तिसऱ्या दिवशी पोस्टमनचाचा सायकलवरून उतरले, हसून म्हणाले, "भाभी, मुबारक हो! इतनी जल्दी?"

मी म्हटलं, "चाचा, जल्दी कसली? अशी गोष्ट आधीपासूनच बघावी लागते."

"वो तो है," म्हणाले. आणि जाताना पाळण्याकडे बघत का गेले, ते मला तेव्हा उमजलं नाही.

रविवारी सकाळी दारात बैलगाडी उभी. बहादरपूरचे महाजन, सोबत महाजनकाकू, आणि गाडीत हा एवढा केळीचा घड! नागपूर लायनीच्या मुलाचे आईवडील. मामाजींना वाटलं कचेरीतले कुणी आले. हे पेपर घेऊन कोपऱ्यात बसले.

महाजन म्हणाले, "कार्ड भेटलं. म्हटलं, एवढं बारीक विचारणारं घर! कागदावर काय उत्तर द्यायचं? समक्षच जाऊ."

मला तर भरून आलं. विद्यापीठाबद्दल सांगायला माणसं गाडी जुंपून येतात! म्हटलं, "बसा, पोहे टाकते. आधी सांगा, विद्यापीठ कसं?"

"एक नंबर! आमचा मुलगा दुसऱ्या वर्गात पास."

"आणि संशोधन?"

"केलं ना! केळीच्या मुळाला कीड लागते, त्यावर दोन वर्षं शोध घेतला."

"मग सापडली?"

"कीड तर आमच्या शेतातच आहे. उपाय सापडायचाय."

मी मनात एक गुण दिला, अर्धा कापला.

मग महाजन घसा खाकरून म्हणाले, "आणि हे बघा वहिनी, देण्याघेण्याचं नावच काढायचं नाही. आम्हाला काही नको. नारळ आणि मुलगी, बस!"

नारळावर प्रवेश! आणि आम्ही उगाच घाबरत होतो. मी ह्यांच्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं. पेपर थोडा थरथरला.

तेवढ्यात दारात छत्री मिटली. शाहपूरचे चौधरी मास्तर, हातात दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या मिठाईचा डबा. मास्तरांचा पुतण्या मुंबई लायनीचा. मास्तरांनी महाजनांकडे बघितलं, महाजनांनी मास्तरांकडे, आणि दोघांची तोंडं कडू कारल्यासारखी झाली.

"तुम्हीपण?" मास्तर म्हणाले.

"आम्ही पहिले आलो," महाजन म्हणाले.

मी म्हटलं, "बरं झालं! समोरासमोरच होऊन जाऊ द्या. मास्तर, तुमचं विद्यापीठ?"

"अहो, त्याला तोड आहे का! आमचा पुतण्या जुने शिलालेख वाचतो. असीरगडचा दगडसुद्धा वाचून आला."

"दगड वाचून काय पिकतं?" महाजन.

"कीड तरी कुठं सापडली?" मास्तर.

"आमच्याकडे शिस्त आहे. तुमच्याकडे तर येईल तो पास!"

"आणि तुमच्याकडे कुणी पासच होत नाही!"

काय सांगू, अशी तुलना कुठल्या सरकारी अहवालातसुद्धा मिळायची नाही! मी पोह्यांवर खोबरं घालत होते आणि मनात दोघांचे गुण मांडत होते. सासूबाई मात्र चुलीपाशी येऊन पुटपुटल्या, "सिंधू, मला काहीतरी वेगळंच वाटतंय गं."

"आई, शिक्षणाच्या गोष्टी आहेत, तुम्ही काळजी नका करू." असं म्हणाले मी! सातवी पास मी!

महाजनकाकूंच्या हातात पोह्यांची बशी दिली. आता त्यांनी पदर सावरून मला जवळ बसवलं. "मुलीचं जरा सांगा ना. सैपाक येतो का?"

"अहो कसला स्वयंपाक! अजून स्वतःच्या हातानं जेवत नाही. मीच भरवते."

काकूंचा घास हातातच राहिला. "लाडाची दिसते."

"एकुलती आहे ना."

"हं. चालते कशी?"

"चालते की! परवाच चार पावलं टाकली. भिंतीला धरून."

काकूंनी महाजनांकडे बघितलं. महाजनांनी मास्तरांकडे. दोघांमधलं वैर एकदम नाहीसं झालं.

"आणि... बोलते ना?" मास्तरांनी फार हळू विचारलं.

"दोन शब्द. बाबा आणि भू."

मला वाटलं, मुलीची अक्कल विद्यापीठाला पुरेल का ते बघताहेत. म्हणून आणखी जोर लावला: "पण समज फार आहे हो! हाक मारली की वळून बघते."

चौधरी मास्तरांनी चष्मा काढून पुसला. महाजन खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमचं दुःख समजतं आम्हाला. पण कार्डात तेवढं लिहायला पाहिजे होतं."

"कसलं दुःख? थांबा, आणतेच तिला!"

आत गेले, सुमीला उठवलं, काजळ लावलं, गालाला तीट लावली, नवं झबलं घातलं. आणि ऐटीत बाहेर येऊन बैठकीच्या मधोमध उभी राहिले. "ही आमची सुमी."

महाजन माझ्या पाठीमागे दाराकडे बघायला लागले.

"ही?" महाजन.

"हीच."

"मोठी कुठंय?"

"मोठी कोण? एकुलती म्हणून लिहिलं होतं ना!"

महाजनांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, त्याच्याकडे बघितलं, सुमीकडे बघितलं. तो कागद म्हणजे त्यांच्या मुलाची पत्रिका होती! कुंकू लावलेली! आणि तेव्हा, बघा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्यात एखाद्याच्या मुलाचा वर्ग, नोकरी, चष्मा आणि पोट कोण विचारतं? मुलीचे आईबाप! त्यातून घाई आठ दिवसांची! त्यांना काय वाटलं असेल, देवच जाणे.

सुमीनं महाजनांच्या मिशीकडे हात केला आणि म्हणाली, "भू!"

कोपऱ्यातला पेपर खाली पडला. हे हसून हसून लोळायचेच बाकी होते. मामाजींनी उपरणं तोंडात कोंबलं. आणि मी? मला वाटलं, तापी दोन हातांवर आहे, तिथं जाऊन बसावं. रडूच आलं. तशीच, सुमीला कडेवर घेऊन, सगळं सांगून टाकलं. कचेरीचा कागद, आठ दिवस, माझी सातवी, तीन कोसांवरची शाळा. "मला फक्त एवढंच बघायचं होतं, की कुठं राहिलो तर ही अडायची नाही."

महाजनांनी पत्रिका खिशात घातली. मला वाटलं, आता घड उचलून निघतील. पण ते मांडी ठोकून बसले. "मग वहिनी, आता खरं सांगतो. सोयरीक नाही तर लपवायचं काय? पोरगा दोन वेळा नापास झाला. दुसरा वर्ग म्हटलं, तो तिसरा आहे. पण गावातल्या सगळ्यांची पत्रं वाचतो, अर्ज लिहितो, कुणाला ना म्हणत नाही."

मास्तरही निवळले. "आमच्याला नोकरी त्याच्या मामानं लावली. शिलालेख सुटीत वाचतो. डोळे गेले, चष्मा जाड. पुस्तकं मात्र तिथं ढीगभर, आणि शिकवणारे जीव तोडून शिकवतात म्हणे."

बघा, लग्नाची गोष्ट सुटली तेव्हा कुठं कापसाचा खरा तंतू हाताला लागला!

तेवढ्यात सासूबाई चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, "ते सगळं ठीक. पण काय हो, तुमच्या मुलांच्या वर्गात मुली किती होत्या?"

महाजन मास्तरांकडे बघायला लागले, मास्तर छताकडे. दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"कार्डावर विचारलं नाहीस का गं?" सासूबाई मला म्हणाल्या.

अहो, नव्हतं ना विचारलं! चष्मा विचारला, पोट विचारलं, शिंगं विचारली. मुलीसाठी विद्यापीठ शोधत होते आणि तिथं मुली शिकतात का, एवढंच राहिलं! ज्या बाईनं शाळेचं तोंडही बघितलं नाही, त्या माझ्या सासूबाईंना जे सुचलं ते मला सुचलं नाही. सात वर्षं मी शाळेत काय केलं, कोण जाणे.

पाहुणे पोहे खाऊन, दराबा इथंच ठेवून, हसत गेले. महाजन जाताना सुमीला म्हणाले, "सतरा वर्षांनी येतो, तोवर चालायला शिक."

मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. ह्यांच्या हातात कोरा कागद, पसंती अजून लिहायची होती. आणि पोस्टमनचाचा आले. खंडव्याच्या विद्यापीठाचं जोडकार्ड परत आलं होतं. मुलानं स्वतःच उत्तर लिहिलेलं. ह्यांनी मोठ्यानं वाचलं:

"सौ. सिंधूताईंस सा. न. आपले कार्ड मिळाले. मी पहिल्या खेपेस पास, नोकरी पक्की, चष्मा नाही, पोट ठीक. आमच्या वर्गात सहा मुली होत्या, सगळ्या माझ्यापेक्षा हुशार. पण त्या सहाजणी मिळून वर्षभरात प्राध्यापकांना जितके प्रश्न विचारत नसत, तितके आपण एका कार्डावर विचारले आहेत. भावी सासूबाई म्हणून माझी हिंमत होत नाही. आपली कन्या सुस्वरूप व गुणी असेलच, तरी नकार कळवण्यास दिलगीर आहे."

सहा मुली! मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. आणि त्यांनी कागदावर लिहून टाकलं: इथेच राहायचे.

विद्यापीठ मी बरोबर निवडलं, त्यात मला शंका नाही. ते कार्ड मी जपून ठेवलंय. सुमी मोठी झाली की दाखवीन तिला. चौदाव्या महिन्यात तिला स्थळाकडून पहिला नकार आला, आणि तोही तिच्यात काही खोट होती म्हणून नाही हो, आईचे प्रश्न फार म्हणून!