वच्छलाकाकूंची खिरापत

आमच्या गल्लीत चार बायका पापड लाटायला बसल्या की पापड कमी अन् किस्से जास्त होतात. त्यातले निम्मे वच्छलाकाकूंचे! तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात काकू एकट्या राहतात. घर त्यांच्या नावावर आहे, आणि अकोल्यातल्या त्यांच्या मुलाला, सुनीलला, ते विकून आईला फ्लॅटवर न्यायचं आहे.

सुनीलने गॅस आणून दिला. "आई, आता चूल मोड!" महिन्याने येऊन बघतो तर चूल धडधडतेय, आणि शेगडीवर लोणच्याच्या बरण्या!

काकू म्हणाल्या, "लय कामाचा हाय रे तुया गॅस. बरण्याईले मुंग्या नाई लागत!"

दिवेलागणीनंतर विरजण कोणाला द्यायचं नाही, हा काकूंचा नियम. एकदा सरपंचबाई वाटी घेऊन आल्या.

"सकाळी ये."

"काकू, मी सरपंच आहो!"

"असशीन. पन दिवा लागला ना!"

तेवढ्यात शेजारच्या शमीमभाभी आल्या. नातीचं पोट बिघडलं होतं. काकूंनी गाडगंभर दही दिलं. सरपंचबाई दारातच! "अन् हे काहून?"

"हे विरजण नोय, दवाई हाय!"

भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, दिवसांत गाणी झाली की खिरापतीचा डबा हलवायचा. आत काय आहे ते ओळखायचं, नाहीतर 'हरलो' म्हणायचं, त्याशिवाय झाकण उघडत नाही. शमीमभाभी नुसत्या आवाजावरून चिवडा की फुटाणे ते सांगतात. एकदा काकूंनी शिरा आणला. डबा वाजेचना!

"ये तो बेइमानी है!" भाभी ओरडल्या.

"वाजलंच पाह्यजे असं कोन म्हनते?"

अशा बाईला अकोल्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडायचं? मला तर नुसत्या विचाराने संताप येतो.

गेल्या वर्षी भुलाबाईतच, काकूंच्या घरी आमची गाणी चालू असताना, सुनील घराला गिऱ्हाईक घेऊन आला. त्या माणसाने भिंती ठोकून पाहिल्या. "गोडाऊन मस्त होईन इथं," म्हणाला. आमची गाणी थांबली.

सुनील म्हणाला, "आई, आता हो म्हण. हे लांबून आले आहेत."

काकू आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. "आमच्यात खिरापत ओळखल्याबिगर बोलनं नाई." त्यांनी डबा हलवला. आवाज नाही.

"शिरा?" गिऱ्हाईक हसत म्हणालं.

"नाई."

"पेढे?"

"नाई."

"गुलाबजाम?"

शमीमभाभींनी ओढणी तोंडाला लावली.

"हरलो बुवा, काकू!"

काकूंनी झाकण काढून डबा त्याच्यापुढे धरला. आत काहीच नव्हतं.

"घ्या. या घराचं तुमाले एवढंच भेटन!"