बाईचा होकार

आमच्या गल्लीत तिला सगळे बाई म्हणायचे, कारण ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. मला सिस्टर म्हणायचे, कारण मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. आम्ही दोघीही एकमेकींना तसंच म्हणायचो, फक्त एकेरीत. घरं भिंतीला भिंत लागून.

नव्वदच्या दशकात मधे कधीतरी तिची सासू गेली. तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि शेवटी शेवटी येईल त्याला हात जोडून म्हणायची, मला सोडवा. तेरावा झाल्यावर बाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडता निवडता म्हणाली, "सिस्टर, माझं असं झालं तर तू मला सोडवायचं. तुझ्याकडं सुया असतात."

मी म्हटलं, अगं आमचं पहिलंच शील जीवहिंसा करू नये असं आहे. रोज सकाळी बुद्धांच्या फोटोपुढं हात जोडून म्हणते मी ते.

"डास मारताना कुठं जातंय तुझं शील?"

शेवटी मी बरं म्हटलं. तेवढ्यावर तिचं भागलं नाही. पोरांकडून पाढा म्हणून घ्यावा तसं माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मी विचारलं, आणि माझ्यावर वेळ आली तर? ती म्हणाली, मी काय करणार, माझ्याकडं खडूच हाय. दोघी हसलो आणि मी भाजी फोडणीला टाकली.

आठ-नऊ वर्षांनी फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता बाई खाली कोसळली. अर्धांगवायू. तीन आठवड्यांनी घरी आणली तेव्हा उजवा हात-पाय निकामी, तोंड एका बाजूला ओढलेलं आणि शब्द सगळे गेलेले. एकच राहिला होता, "व्हय की". डॉक्टरांनी सांगितलं, तिला सगळं कळतंय, पण बोलायला गेली की तोंडातून तेवढंच बाहेर येतंय. मान हलवायला सांगितली तर मानही त्या शब्दाबरोबर होकाराचीच हलायची.

तिचा नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता. माणूस भला, पण अठ्ठावीस वर्षांत बायकोनं त्याचं एकही म्हणणं पहिल्या फटक्यात मान्य केलं नव्हतं. आता तो काहीही विचारायचा आणि होकार यायचा. टीव्ही स्वयंपाकघरात नेऊ का? व्हय की. मिशी ठेवू का? व्हय की. मिशी तिनं लग्नानंतर आठ दिवसांत काढायला लावली होती. तो डोळे पुसायचा, तिला भरवायचा, वेणी घालायचा आणि मिशी वाढवायचा.

त्याची दुपारपाळी असली की सकाळची ड्युटी संपवून मी तिच्याजवळ बसायची. ती माझ्याकडं टक लावून बघायची आणि डोळ्यांतून पाणी वाहायचं. ती काय मागतेय ते मला कळत होतं, म्हणून मी दुसरंच काहीतरी करत बसायची. उशी सरळ करायची, चादर ताणायची. एका दुपारी मी तिचं बीपी चार वेळा घेतलं. चौथ्या वेळी तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेना.

मग मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "बाई, आपलं ठरलेलं आठवतंय?"

"व्हय की."

"तेच पायजे तुला?"

"व्हय की."

पण दवाखान्यात औषध द्यायच्या आधी दोनदा खात्री करायची सवय. म्हणून उलटं विचारलं, तुला जगायचं हाय? तर व्हय की. मग विचारलं, कारल्याची भाजी खाणार? जन्मात तिनं कारलं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. "व्हय की," बाई म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिचं तिलाच कळलं. ती अर्ध्या तोंडानं हसली, मी पूर्ण तोंडानं हसले, आणि मग दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी मी खरंच कारल्याची भाजी नेली. पहिला घास तिनं माझ्या पांढऱ्या साडीवर थुंकला. मला केवढा धीर आला म्हणून सांगू! कारल्याचा होकार खोटा, म्हणजे मरणाचाही खोटा असणार, असा हिशेब मी मांडला. तो कच्चा होता हे तेव्हाही ठाऊक होतं, कारण कारल्याच्या वेळी ती हसली होती आणि मरणाच्या प्रश्नाला हसली नव्हती. पण मी पुन्हा विचारलं नाही.

चार महिने झाले. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं तिला काठी धरून उभं केलं. एके दिवशी नवरा पाळीवरून आला, दारात उभा राहून मिशीवरून हात फिरवत होता. बाईनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, ओठ हलवले, जोर लावला आणि म्हणाली, "न्हाई."

तो तिथंच उंबऱ्यावर बसून हमसून रडला. मग उठला आणि दाढीचं सामान शोधायला लागला.

त्यानंतर शब्द एकेक करून परत येत गेले, अर्धवट आणि उलटसुलट. वर्षभरानं तिच्या नवऱ्यानं बोललेला नवस फेडायला तिघं नृसिंहवाडीला गेलो. तो दर्शनाच्या रांगेत होता. आम्ही दोघी घाटाच्या वरच्या पायरीवर बसलो होतो, तिच्या मांडीवर बासुंदीची वाटी. मी विचारलं, त्या दुपारी तू व्हय म्हणालीस, ते खरं होतं का?

"कारलं... न्हाई," ती म्हणाली. "ते... खरं."

मला नदीकडंच बघावंसं वाटलं. तिकडं बघतच विचारलं, आणि आता?

"आता हात... लावलास तर... बघ."

मग मी तिला कुणालाच न सांगितलेलं सांगितलं. तुला बोलता येत नव्हतं याचं मला बरं वाटलं होतं, म्हटलं. तू स्पष्ट मागितलं असतंस तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पळून गेले असते बहुतेक. तुला दिलेला शब्द मी पाळला नाही, आणि शील पाळलं असंही नाही. मी नुसती घाबरले. चुकलं का माझं?

तिनं पेपर तपासावा तसा वेळ घेतला. चमचाभर बासुंदी खाल्ली. "निम्मे... मार्क," म्हणाली.

निम्मे कशाचे, विचारलं.

"विचारलंस... त्याचे."

उरलेले कशासाठी कापले ते मी विचारलं नाही.

त्यानंतर बाई सहा वर्षं जगली. डाव्या हातानं लिहायला शिकली, गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेतली, तोडक्या शब्दांत त्यांना भरपूर झापलं. गेली ती एका सकाळी, चहा पिता पिता, हृदय बंद पडून. कुणाला काही ठरवायची पाळी आली नाही. मी ड्युटीवर होते. निरोप आल्यावर धावत आले, तर तिचा नवरा दाराशी उभा होता. म्हणाला, "सिस्टर, तरास न्हाई झाला तिला."

मी आत जाऊन तिची नाडी बघितली, उगाचच. मग तिच्या अंगावरची चादर सरळ केली आणि माझ्या घरी चहाचं आधण ठेवायला गेले, कारण पेठ वडगावचे तिचे माहेरचे लोक निघाले होते.