‘झालं’ म्हणजे नक्की काय

“रेट चार्टचं झालं का?” मी विचारलं.

“झालं म्हणून समज की, गड्या,” विश्वास म्हणाला.

“समज म्हणजे?”

“आवं साहेब, फकस्त टेस्टिंग ऱ्हायलंय!” साहेब हा शब्द त्यानं मुद्दाम लांबवला. सगळे हसले. मी बोर्डावरचं त्या कामाचं कार्ड ‘झालं’च्या रकान्यात सरकवलं नाही.

आमची सांगलीतली कंपनी दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. दुधाच्या फॅटवरून दर ठरवणारा तक्ता म्हणजे रेट चार्ट. तो चुकला तर सकाळी डेअरीवर भांडणं लागतात. विश्वास आमचा प्रोग्रॅमर. विट्याचा. भावकीतले सगळे सोन्याच्या धंद्यात परमुलखात गेले आणि हा एकटा कॉम्प्युटरला चिकटला. मनानं चांगला, पण ‘झालं’ हा शब्द त्याच्या तोंडून एकटा कधी बाहेर पडत नाही.

मी नुकतीच अजाईलची पहिल्या पायरीची सर्टिफिकेट परीक्षा पास झालो होतो. मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, तुकडे करायचे, एकेक तुकडा गिऱ्हाइकाला दाखवत पुढं जायचं, ही अजाईलची रीत. त्यात ‘डेफिनिशन ऑफ डन’ नावाचा एक धडा आहे. काम झालं असं कधी म्हणायचं, हे टीमनं आधीच ठरवायचं. परीक्षेत तो प्रश्न सगळ्यात सोपा होता. आमच्या भागात तोच लय अवघड आहे. इथं काम होत आलेलं असतं, झाल्यातच जमा असतं, किंवा झालं म्हणून समजायचं असतं.

या वयात परीक्षेचा खटाटोप मी हौसेनं केला नव्हता. माझी नोकरी साइट सपोर्टची. कोयनानगरापासून जतपर्यंत कुठल्याही डेअरीत मशीन अडलं की बॅग उचलायची. इकडं पलूसला तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायू झालेला. एके काळी फौजेत पाठीवर ओझी वाहिलेला माणूस कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागायची, आणि घरात माझी बायको सुनंदा एकटी. तिची कंबर धरली होती, पण ती बोलायची नाही. ती बोलत नाही याचाच मला जास्त त्रास व्हायचा. प्रोजेक्ट लीडची जागा रिकामी होती, म्हणून ऑफिसात असलो की सकाळची उभ्या उभ्या होणारी मीटिंग, म्हणजे स्टँड-अप, मीच घ्यायचो. ती जागा मिळाली असती तर मी रोज संध्याकाळी घरी आलो असतो.

बॉसला तसं स्पष्ट सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “आधी सर्टिफिकेट तर आणा. पोस्ट तुमचीच झाली म्हणून समजा.”

आणि मी समजलो. लॉजवर, एसटीत, डेअरीच्या बाकड्यावर बसून अभ्यास केला. पास झाल्यावर ऑफिसात पेढे वाटले, लीडची जागा आता मिळणार असं घरी सांगून टाकलं. विश्वासचं कार्ड दर वेळी अडवणाऱ्या मला बॉसच्या वाक्यावर एक साधा प्रश्न विचारावासा वाटला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रेट चार्टचं टेस्टिंग शेवटी मी बसून करून घेतलं. गायीच्या दुधाला म्हशीचा दर लागत होता. विश्वासनं जीभ चावली आणि दुरुस्त केलं. डेमो झकास झाला. डेअरीचे चेअरमन खूश होऊन गेले, तेव्हा बॉसनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“लीड म्हणून पुण्याचा एक माणूस येतोय सोमवारी,” ते म्हणाले. “क्लायंटला अनुभवी माणूस पाहिजे. तुमचं सर्टिफिकेट एन्ट्री लेव्हलचं पडतं ना.”

“सर, ते आणायला तुम्हीच सांगितलं होतं.”

“सांगितलं होतं की. नाही कुठं म्हणतोय? पण साइटवर तुमच्यासारखा दुसरा माणूस आहे का आपल्याकडं? तुम्हीच सांगा.”

राग आला, पण नोकरी हवी होती. ‘बरं सर’ म्हणून बाहेर आलो.

घरी पोचलो तर सुनंदा तात्यांना पेज भरवत होती. तात्यांची जीभ जड झालेली, पण डोकं शाबूत.

“झालं... का रं?” त्यांनी विचारलं.

“झालं म्हणून समजा, तात्या.”

तात्यांनी तोंड फिरवलं. पेज उशीवर सांडली.

“म्हंजी... न्हाई झालं.”

सुनंदानं पदरानं उशी पुसली आणि विचारलं, “आता कुठं जायाचं?”

“कोयनानगर. उद्या पहाटे.”

पुण्याचे साहेब आता स्टँड-अप घेतात. विश्वास त्यांनाही तेच उत्तर देतो, आणि ते लगेच कार्ड सरकवतात. मला त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की या वाक्यात म्हणणारा लगेच मोकळा होतो. समजून घ्यायचं काम मात्र ऐकणाऱ्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या गळ्यात पडतं.