बाहेर लोंबणारी वायर

मंगरूळपीरच्या स्टँडजवळ तो रेडिओ दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तरी त्याचे हात कधी थांबत नसत.

आसेगावात आमच्या बौद्धवस्तीत लवकरच वीज येईल, असं वीज मंडळाच्या साहेबानं सांगितलं होतं. तेव्हा मीच हट्टानं विहारातला बॅटरीवरचा रेडिओ विजेवर करून आणला. खांब मात्र पाटलाच्या घरापाशीच थांबले. वस्तीतला एकुलता रेडिओ मुका झाला.

"पुन्हा बॅटरीवर करून द्या, भाऊ," मी मान खाली घालून म्हणालो. "चूक माहीच हाये."

त्याचे हात थांबले. "तुही? वीज देतो म्हननारा कोन व्हता?"

"सायेब."

"मंग मान त्यानं खाली घालावी. तू काहून घालून राह्यला?"

त्यानं बॅटरीच्या तारा परत जोडल्या. रेडिओ बोलू लागला. विजेची वायर आता कापून टाका म्हणालो, तसा तो भडकला.

"कापाची नाही! लोंबू दे बाहेर. नाही तं सायेब म्हनंल, याईले वीज नकोच व्हती."

ती वायर विहारात कित्येक वर्षं तशीच लोंबत होती. नवा साहेब आला की मी त्याला आधी तीच दाखवायचो, मान वर करून.