गाडीचा दोष

बाबांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार काही महिन्यांपासून रस्त्यावर डावीकडे ओढत होती. "मुळात हिच्या पुढच्या चाकांचे कोनच चुकलेत, म्हणून स्टिअरिंग भरकटतं," बाबा सांगायचे. शेवटी मी नाशिकच्या एका गॅरेजात ते कोन नव्याने बसवून घेतले, झिजलेले सांधेही बदलले. मेकॅनिकने बाबांना शेजारी बसवून चक्कर मारली. सरळ रस्त्यावर त्याने क्षणभर स्टिअरिंगवरचे हात उचलले, तरी गाडी रेषेत चालत राहिली. परत आले तेव्हा बाबा खुशीत होते.

मग ते स्वतः चालवायला बसले आणि मी शेजारी. त्याच रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा डावीकडे झुकू लागली. तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. तो बारीक थरथरत होता आणि त्याच्या ओझ्याने स्टिअरिंग खाली ओढलं जात होतं.

बाबांनी गाडी कडेला घेतली.

पायऱ्या उंच झाल्या, दाराची कडी घट्ट झाली, असं म्हणत माणूस स्वतःला किती काळ सांभाळून घेतो. वस्तूही बिचाऱ्या तो आळ मुकाट्याने अंगावर घेतात. बाबांच्या गाडीने तो इतके दिवस घेतला होता आणि मी हौसेने तिला निर्दोष करून आणलं होतं.

बाबा उतरून माझ्या बाजूला आले. किल्ली गाडीलाच होती.

"तू बस तिकडे," ते शांतपणे म्हणाले. "आता ती कुणाचंही ऐकेल."