नांग लोद्रांचं मुकं भिरभिरं

थोरल्या मुलाचं नाव लोद्रा, म्हणून बालीतल्या त्या डोंगरगावात सगळे त्यांना नांग लोद्रा म्हणत. लोद्राचा बाप. बायको मेन लोद्रा, लोद्राची आई. स्वतःचं जन्मनाव त्यांना मतदानाच्या दिवशी तेवढं आठवे.

भाताला लोंब्या धरल्या आणि पूर्वेचा कोरडा वारा सुटला, की गावात बांधाबांधावर लाकडी भिरभिरी उभी राहतात. माणसाच्या उंचीची पाती, उंच बांबूच्या खांबावर. पाखरं उडवायला म्हणून लावतात, पण त्याहून जास्त ती ऐकायला लावतात. पात्यांचा दांडा ज्या भोकात फिरतो ते मुद्दाम जरा सैल ठेवायचं. मग दांडा आत घुमतो, खांब थरथरतो आणि सगळं खोरं भरून आवाज निघतो. भोक किती सैल ठेवायचं, यातच कारागिरी. संध्याकाळी मांडवात कॉफी घेत बसलेले पुरुष नुसत्या आवाजावरून सांगत, हे अमक्याचं, ते तमक्याचं खोकतंय. आणि मध्येच खर्जातला सूर आला, की कोणी नाव घेत नसे. तो नांग लोद्रांचा, हे ठरलेलंच.

तो सूर नांग लोद्रांना मात्र आता ऐकू येत नव्हता. गेली तीन वर्षं कान हळूहळू मिटत गेले होते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ज्याला भिरभिरं ऐकू येत नाही त्याच्याकडे पाती करून घ्यायला कोण येणार? आणि लोक येईनासे झाले तर मग आपण कोण? भातशेती काय, सगळेच करत होते. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. खांबावर तळवा ठेवायचा, थरथर नीट लागली की मान हलवायची.

अशात नात आस्तिनी शाळेचा प्रकल्प घेऊन आली.

"आजोबा, वाऱ्यावर वीज करायचीय. मुर्नीती बाई म्हणाल्या, विकत काही आणायचं नाही. सायकलचा डायनॅमो आहे, जुनी रिंग आहे, ट्यूब कापून पट्टा करू. पाती फक्त तुमची."

शब्द निम्मेच कळले, पण पोरीचे हात पुरेसं बोलत होते. नांग लोद्रांनी फणसाची फळी काढली.

शाळेच्या मैदानात भिरभिरं चढलं. मेन लोद्रांनी खांबाशी नारळाच्या पानांची, फुलं घातलेली परडी ठेवली, उदबत्ती लावली. वारा आला. पाती फिरली, पट्टा ताणला गेला, डायनॅमो दोन गिरक्या फिरला आणि पट्टा निसटून खाली पडला. पुन्हा बसवला, पुन्हा पडला. नांग लोद्रांनी खांबावर तळवा ठेवला, तोंड वाकडं केलं आणि पाती उतरवून भोकात पटाशी घातली.

"आजोबा, आणखी सैल कशाला? पट्टा उडतोय ना!"

"अजून बोलत नाहीये ते."

भिरभिरं परत चढलं आणि फिरायला लागलं. वर्गातली पोरं कानांवर हात ठेवून बाहेर आली. कौलांवरची धूळ खाली पडत होती. नांग लोद्रांचा जन्माचा सोबती मादे केरुग फाटकातून ओरडला, "नांग, अरे बोलत नाही कसलं? म्हशीला व्यायच्या कळा आल्यागत ओरडतंय ते! दोन वर्षं झाली, तुझी सगळीच भिरभिरी अशी बोंबलतायत. म्हटलं, म्हातारपणी तुझी आवड बिघडली!"

पोरं हसली. आस्तिनी हसली नाही. ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

नांग लोद्रांनी हत्यारं गोळा केली आणि ते घरी निघून गेले.

घरी मेन लोद्रा चुलीपुढे होत्या. ते हत्यारं ठेवून पायरीवर बसले. म्हणाले, "कळलं सगळ्यांना."

त्या उठून त्यांच्या तोंडासमोर येऊन बसल्या. "मला तीन वर्षं माहितीये. एवढ्या शिव्या घालते, आणि तुम्ही हसून 'हो हो' म्हणता. कान शाबूत असलेला नवरा असं करतो होय?"

दुसऱ्या दिवशी आस्तिनी हजर. हातात मोडक्या मोटारसायकलचं बेअरिंग. "दांडा यात बसवायचा. घट्ट. जराही हलायला नको. आवाज नकोच मला, आजोबा."

"मुकं भिरभिरं?" त्यांना धक्का बसला. "तो मादे मला मांडवात बसू द्यायचा नाही."

"मुकंच. नाहीतर दिवा लागायचा नाही."

ते बेअरिंग बोटावर फिरवत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांच्याकडे असं काही मागत होतं, ज्याला कान लागत नव्हते. पाती पातळ करायची, दोन्हीकडचं वजन सारखं आणायचं, एवढंच. ते तळव्याला कळत होतं, डोळ्याला दिसत होतं. त्यांनी रंधा घेतला.

या वेळी भिरभिरं त्यांच्याच शेताच्या बांधावर उभं केलं, तिथं वारा जास्त. तार शेतातल्या खोपीत नेली, तिथं आडव्या वाशाला बल्ब टांगला. दिवस कलला होता. मुर्नीती बाई, मादे केरुग, चार पोरं, सगळी खोपीपाशी दाटली. नांग लोद्रा मात्र सवयीनं खांबाशी उभे राहिले, तळवा टेकून.

वारा आला. भाताचा हिरवा रंग वळत वळत वर चढला. पण तळव्याला काहीच लागेना. थरथर नाही, घुमणं नाही, खांब नुसता थंड. त्यांनी तळवा आणखी दाबला. हेही मेलं. हातही गेला आता.

त्यांनी मान वर केली. पाती इतकी वेगात फिरत होती की ती दिसतच नव्हती. आभाळात नुसतं एक पांढुरकं वर्तुळ थरकत होतं. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग खोपीकडे पाहिलं.

सगळ्यांचे चेहरे पिवळे झाले होते. मादे केरुग तोंड उघडं टाकून बल्बकडे बघत होता.

नांग लोद्रा खोपीत गेले. बल्बखाली बसले. उजेड मंद झाला, तसा वारा त्यांच्या पाठीवरून उतरला. मग उजेड फुगत गेला, पांढरा झाला, क्षणभर तसाच राहिला आणि दोनदा लुकलुकला. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. तीन वर्षांपूर्वी हीच त्यांनी शेवटची नीट ऐकली होती.

"हा वारा घळीतून आलाय," ते म्हणाले. "आधी फुगतो, मग वडाला आपटून असा दोनदा तुटतो."

मादे केरुग दचकून बाहेर पाहायला लागला. खाली घळीत वडाचा शेंडा अजून हलत होता.

"आता थांबेल. आणि मग समुद्राकडचा येईल, लांब, सपाट."

बल्ब विझत आला, लाल तारेएवढा उरला. मग तो सावकाश उजळला आणि उजळलेलाच राहिला. एका पातळीत, न लुकलुकता.

"नांग," मादे त्यांच्या समोर बसून, ओठ मोठे करत म्हणाला, "माझ्या भिरभिऱ्याला पण असं मुकं करून दे. आणि ती बोंबलणारी आहेत ना तुझी, ती मी ऐकून सांगतो. तू भोक कर, मी मान हलवतो."

"तुझी आवड कसली आलीय?" नांग लोद्रा म्हणाले, पण त्यांची नजर बल्बवरून हलली नाही.

आस्तिनीनं तार गुंडाळायला हात घातला. प्रकल्प शाळेत न्यायचा होता. बाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे गं जरा वेळ," त्या म्हणाल्या. "ऐकतायत ते."